ज्वारी, गहू व मक्यावरील मावा आणि ढालकिडे: फवारणीपूर्वी काय पाहावे, काय मोजावे?

रब्बी ज्वारी पोटरीत येण्याच्या सुमारास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दोन-चार दिवस आभाळ भरून राहिले की पानांवर चिकटा दिसू लागतो. खालच्या पानांच्या मागे पिवळसर माव्याची वसाहत असते. तिच्यातून पाझरणारा गोड चिकट द्रव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि कडबा काळवंडतो. अशा वेळी बहुतेक शेतकरी थेट फवारणीचा पंप काढतात. पण त्याच पानांवर अनेकदा ढालकिड्यांच्या (लेडीबर्ड बीटल) अळ्या मावा खात असतात. फवारणीत त्याही मरतात. मावा पुन्हा येतो आणि या वेळी त्याला खाणारे कोणी उरलेले नसते.

ढालकिडे म्हणजे विकत आणून शेतात सोडण्याचे औषध नव्हे. ते बहुतेक शेतांत आपणहून येतात. आपले काम तीन गोष्टींचे आहे: त्यांना ओळखणे, मोजणे आणि विनाकारण न मारणे. हा लेख मुख्यतः रब्बी ज्वारीला धरून आहे. गहू, मका व भातासाठी लागू असलेले फरक त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

मावा कोणता आहे ते आधी ओळखा

ज्वारीवर मुख्यतः दोन प्रकारचा मावा आढळतो.

• पिवळसर मावा (मेलानाफिस सॅकॅरी): पानाच्या खालच्या बाजूस, सुरुवातीला खालच्या पानांवर असतो. रंग फिकट पिवळा. चिकट्याचे मुख्य कारण हाच. पोटरी ते दाणे भरण्याच्या काळात याचे नुकसान जास्त होते.

• निळसर हिरवा मावा (रोपॅलोसिफम मेडिस): पोंग्यात आणि मक्याच्या तुऱ्यात दाटीने राहतो. मका व ज्वारी दोन्हींवर येतो. ज्वारीत पोंगा उघडून कणीस बाहेर पडले की तो बऱ्याचदा आपोआप कमी होतो. त्यामुळे केवळ पोंग्यात मावा दिसला म्हणून घाई करू नये.

गव्हावर मावा पानांवर आणि पुढे ओंबीवर येतो. ओंबी बाहेर पडल्यापासून दाणा चिकात असेपर्यंतचा काळ गव्हासाठी महत्त्वाचा असतो.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले देऊ लागते. म्हणून सोमवारी थोडा वाटलेला मावा पुढच्या सोमवारी पान भरून दिसतो. ढालकिड्याची पिढी पूर्ण व्हायला तीन ते चार आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. यामुळे सुरुवातीला मावा पुढे असतो आणि ढालकिडा मागून येतो. हे अंतर किती दिवसांत भरून निघते, यावर फवारणी लागेल की नाही हे ठरते.

ढालकिडा ओळखण्याच्या खुणा

आपल्या शेतांत नेहमी दिसणाऱ्या जाती अशा आहेत.

• सहा ठिपक्यांचा किंवा नागमोडी पट्ट्यांचा ढालकिडा (चिलोमेनस सेक्समॅक्युलाटा): पिवळसर ते केशरी पाठीवर काळ्या नागमोडी रेषा. महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो.

• सात ठिपक्यांचा ढालकिडा (कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा): लाल-केशरी पाठीवर सात काळे ठिपके. आकाराने मोठा. थंडीच्या दिवसांत गहू, करडई, मोहरी व लसूणघासावर भरपूर असतो.

• आडव्या पट्ट्यांचा ढालकिडा (कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस): लाल-केशरी पाठीवर जाड काळ्या आडव्या खुणा.

प्रौढ ढालकिडा बहुतेकांना ओळखता येतो. घोटाळा होतो तो बाकीच्या अवस्थांत.

• अंडी: पिवळी, लांबट, पानाच्या मागे उभी चिकटवलेली. दहा ते पन्नासच्या पुंजक्यात, माव्याच्या वसाहतीजवळ. तीन-चार दिवसांत उबतात.

• अळी: काळपट राखाडी, अंगावर पिवळे-केशरी डाग, पुढे सहा पाय, शेपटीकडे निमुळती. लहानशा मगरीसारखी दिसते. प्रौढाशी तिचे काहीच साम्य नसल्याने अनेक जण तिलाच कीड समजून फवारणी करतात. वास्तविक सर्वात जास्त मावा हीच खाते. अळी अवस्था साधारण दोन आठवडे टिकते आणि तेवढ्या काळात एक अळी काही शे मावा संपवते.

• कोष: पानाला शेपटीने चिकटलेला, केशरी-काळा, न हलणारा गोळा. चार ते सहा दिवसांत त्यातून प्रौढ बाहेर पडतो. कोष खात नाही, पण पुढच्या आठवड्यात काम करणारा मजूर तो आहे, असे समजून त्याला मोजावे.

वांग्यावरचा भुंगेरा वेगळा: वांगी, बटाटा व कारली या पिकांची पाने खरवडून जाळीदार करणारा एपिलॅक्ना भुंगेरा याच कुळातला, पण पीक खाणारा आहे. त्याच्या पाठीवर चकाकी नसते, बारीक लव असते आणि ठिपके बारा किंवा अठ्ठावीस असतात. त्याची अळी पिवळी व काटेरी असते. ज्वारी किंवा गव्हात दिसणारा चकचकीत ढालकिडा पीक खात नाही.

ढालकिड्यासोबत आणखी कोण काम करते?

मोजणी करताना फक्त ढालकिडे मोजले तर अंदाज चुकतो. पुढील मित्रकीटकही पाहावेत.

• सिरफिड माशीची अळी: पाय नसलेली, हिरवट पारदर्शक, गोगलगायीसारखी सरकणारी.

• क्रायसोपा: केसासारख्या देठावर उभी असलेली पांढरट अंडी. अळीच्या तोंडाशी चिमट्यासारखे दोन दात.

• ममी झालेला मावा: फुगलेला, तपकिरी किंवा काळा, न हलणारा मावा. परोपजीवी गांधीलमाशीने त्याच्या आत अंडे घातलेले असते. वसाहतीत अशा ममी वाढत असतील तर मावा उतरणीला लागला आहे.

मुंग्यांकडेही लक्ष द्यावे. चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकावतात. मुंग्यांची रांग लागलेल्या ताटांवर मावा जास्त काळ टिकतो.

मोजणी कशी करावी?

पिकाच्या पंचेचाळिसाव्या दिवसापासून दाणे भरेपर्यंत आठवड्यातून एकदा आणि ढगाळ हवामानात दर तीन-चार दिवसांनी पाहणी करावी.

१. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणे निवडावीत. बांधालगतची दोन ओळी जागा सोडून द्यावी.

२. प्रत्येक ठिकाणी चार ताटे, एकूण वीस ताटे पाहावीत.

३. प्रत्येक ताटाचे एक खालचे, एक मधले व एक वरचे पान उलटून पाहावे.

४. वहीत चार नोंदी कराव्यात: मावा असलेली ताटे किती, मावा कोणत्या पानापर्यंत चढला आहे, ढालकिड्याच्या अळ्या व प्रौढ किती, कोष आणि ममी किती.

५. तीन-चार दिवसांनी त्याच शेतात हीच मोजणी पुन्हा करावी.

एका दिवसाची मोजणी फक्त चित्र दाखवते. मावा चढतो आहे की उतरतो आहे हे दोन मोजण्यांतील फरकावरूनच कळते. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला पहिल्या भेटीतच औषधाचे नाव लिहून देण्याऐवजी दुसऱ्या मोजणीची तारीख लिहून द्यावी.

कीड आणि मित्रकीटक यांचे प्रमाण

हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या पीक परिसंस्था विश्लेषण पद्धतीत कीड व मित्रकीटक यांचे २:१ हे प्रमाण सर्वसाधारण नियम म्हणून शिकवले जाते. शेतीशाळेत हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. पण माव्याला तो जसाच्या तसा लावू नये, कारण एक ढालकिडा दोन नव्हे तर दिवसाला कित्येक मावे खातो.

समजण्यासाठी एक हिशोब पाहू. एका पानावर शंभर मावे आहेत आणि त्यांपैकी वीस पिल्ले देणाऱ्या माद्या आहेत. प्रत्येक मादीने रोज तीन पिल्ले दिली तर रोज साठ मावे वाढतील. मोठी झालेली एक अळी दिवसाला तीस-चाळीस मावे खाते असे धरले, तर दोन अळ्यांनी वाढ थांबते आणि तीन अळ्यांनी वसाहत उतरू लागते. म्हणजे शंभर माव्यांमागे दोन-तीन मोठ्या अळ्या असल्या तरी फवारणी थांबवण्याइतका आधार मिळतो. मात्र अळ्या नुकत्याच उबलेल्या, मोहरीएवढ्या असतील तर त्यांचे खाणे फार कमी असते. त्यांना आणखी चार-पाच दिवस लागतील, हे धरून निर्णय घ्यावा.

थांबावे की फवारावे?

थांबावे, जर:

• मावा खालच्या तीन-चार पानांपुरता असेल आणि वरची पाने स्वच्छ असतील;

• मावा असलेल्या बहुतेक ताटांवर ढालकिड्याची अंडी, अळ्या किंवा कोष दिसत असतील;

• दुसऱ्या मोजणीत मावा स्थिर किंवा कमी असेल, ममी वाढलेल्या असतील;

• पिकात ओलावा पुरेसा असेल.

हस्तक्षेप करावा, जर:

• पोटरी ते फुलोरा या काळात मावा शेंड्याच्या पानापर्यंत किंवा कणसापर्यंत चढला असेल;

• दोन मोजण्यांदरम्यान मावा असलेली ताटे स्पष्टपणे वाढली असतील आणि मित्रकीटक तुरळक असतील;

• पिकाला पाण्याचा ताण असेल. कोरडवाहू ज्वारीत जमिनीतला ओलावा संपत आला असताना माव्याचा भार झेपत नाही. ताणलेल्या पिकात खडखड्या रोगाचा धोकाही वाढतो. अशा वेळी ढालकिड्यांची वाट पाहण्यास फारसा वाव नसतो.

ढालकिड्यावर अवाजवी भरवसा ठेवू नये. उशिरा पेरलेल्या, नत्र जास्त दिलेल्या आणि ढगाळ हवेत सापडलेल्या पिकात मावा त्यांना मागे टाकतो. अमेरिकेत २०१३ साली टेक्सास व लुईझियाना भागात ज्वारीवर याच गटातल्या माव्याचा मोठा उद्रेक झाला. ढालकिडे तेथेही होते, पण केवळ त्यांच्यावर विसंबून भागले नाही. नियमित मोजणी, माव्याला सहनशील संकरित वाण आणि मित्रकीटकांना कमी घातक कीटकनाशके अशी तिहेरी जोड द्यावी लागली.

फवारणी करायचीच असेल तर

१. मावा शेतात ठिकठिकाणी पुंजक्याने सुरू होतो: झाडाच्या सावलीत, बांधाकडे, दाट ओळींत. प्रादुर्भाव पसरला नसेल तर तेवढाच भाग फवारावा. उरलेल्या शेतातले ढालकिडे वाचतात आणि नंतर फवारलेल्या भागातही येतात.

२. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे व थोडा साबणचुरा मिसळावा. निंबोळी अर्क लहान अळ्यांना थोडाफार बाधतो, पण रासायनिक कीटकनाशकांच्या तुलनेत नुकसान कमी होते.

३. हवेत दमटपणा असेल तर लेकॅनिसिलियम लेकॅनी ही जैविक बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात संध्याकाळी फवारावी. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत तिचा परिणाम अपुरा पडतो.

४. रासायनिक कीटकनाशक लागलेच तर त्या पिकासाठी व त्या किडीसाठी लेबलवर नोंद असलेलेच घ्यावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील आणि व्यापक परिणाम करणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे ढालकिड्याच्या सर्व अवस्थांना घातक असतात. दोन-तीन औषधांचे मिश्रण करू नये.

५. नोझल खालून वर धरावे. मावा पानाच्या मागे असतो, वरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

६. फवारणी आणि काढणी यांतील लेबलवरचे अंतर पाळावे. ज्वारीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण हुरड्यासाठी लावलेली ज्वारी दाणा कोवळा असतानाच भाजून खाल्ली जाते आणि कडबा थेट जनावरांपुढे जातो. हुरड्याच्या प्लॉटवर पोटरीनंतर रासायनिक फवारणी टाळलेलीच बरी.

ढालकिडे शेतात टिकवण्यासाठी

करडईची पट्टी: सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात ज्वारीच्या कडेने किंवा ठरावीक ओळींनंतर करडई पेरण्याची रीत जुनी आहे. काटेरी करडईमुळे जनावरे आत शिरत नाहीत, हा तिचा ठाऊक असलेला फायदा. दुसरा फायदा असा की करडईवर येणारा काळा मावा ज्वारीवर जात नाही, पण त्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि तेथून ज्वारीत उतरतात. म्हणजे करडईची पट्टी ही ढालकिड्यांची फुकटची रोपवाटिका आहे. करडईचे उत्पन्न घ्यायचे असेल तर तिच्यावरील मावा पूर्ण दुर्लक्षून चालणार नाही. तरीही सगळी पट्टी एकदम फवारू नये, काही ओळी सोडाव्यात.

गव्हाभोवती मोहरी: मोहरीवरचा मावा गव्हाचे नुकसान करत नाही. गव्हाच्या कडेने मोहरीच्या एक-दोन ओळी असल्या की ढालकिडे लवकर येतात.

फुले: कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची थोडी झाडे बांधावर फुलू द्यावीत. मावा नसतो त्या दिवसांत ढालकिडे, सिरफिड माश्या व परोपजीवी गांधीलमाश्या परागकण व मधुरसावर तग धरतात.

लसूणघास व चारा मका: बागायती भागात ही पिके ढालकिड्यांचे बारमाही घर असतात. लसूणघास एकाच दिवशी सगळा न कापता पट्ट्यापट्ट्याने कापावा.

नत्र व पेरणीची वेळ: कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. नत्र शिफारशीपेक्षा जास्त देऊ नये. कोवळ्या, हिरव्यागार पानांवर मावा जोमाने वाढतो.

अळ्या उचलून नेणे: करडई किंवा लसूणघासावर अळ्या भरपूर आणि ज्वारीत मावा वाढतो आहे, असे दिसल्यास अळ्या व कोष असलेली पाने सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कापून माव्याच्या पुंजक्यांवर ठेवावीत. प्रौढ ढालकिडे उडून जातात, म्हणून अळ्याच न्याव्यात. अळ्या बंद डब्यात दाटीने ठेवू नयेत. भूक लागली की त्या एकमेकींना खातात.

विकत मिळणारा ढालकिडा ज्वारीसाठी आहे का?

महाराष्ट्रात द्राक्ष, सीताफळ, डाळिंब उत्पादकांना क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी हा ढालकिडा ठाऊक आहे. तो ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणला गेला. त्याचे मुख्य खाद्य पिठ्या ढेकूण आहे, ज्वारीवरचा मावा नव्हे. द्राक्षात उपयोगी पडला म्हणून तो ज्वारीसाठी विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शिवाय एकरी उत्पन्नाचा विचार करता कोरडवाहू ज्वारीला विकतचे मित्रकीटक परवडत नाहीत. येथे संवर्धन हाच व्यवहार्य मार्ग आहे.

लोकरी माव्याचा धडा

संवर्धन म्हणजे नुसती बोलण्याची गोष्ट नाही, हे पश्चिम महाराष्ट्राने पाहिले आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि थोड्याच काळात शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकात पसरला. उंच वाढलेल्या उसात फवारणी करणे अवघड होते. पुढे डिफा ॲफिडीव्होरा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस इगोरोटस हे भक्षक कीटक मोठ्या प्रमाणात वाढले. ते असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधण्यात आली. नंतर एन्कार्सिया फ्लेवोस्कुटेलम हा परोपजीवीही उपयोगी पडला. तेथे मुख्य काम ढालकिड्यांनी केले नाही. पण जेथे भक्षकांना जगू दिले तेथे माव्याचा जोर ओसरला, हा धडा ज्वारीलाही लागू आहे.

कोकणातील भातशेतीसाठी

पनवेल, खारघर, तळोजा या परिसरातील उरल्यासुरल्या भातखाचरांत आणि रायगडच्या इतर भागांत भातावर माव्याचा प्रश्न सहसा येत नाही. तरीही भातात केशरी ढालकिडे दिसतात. ते तुडतुड्यांची लहान पिल्ले व किडींची अंडी खातात आणि फुलोऱ्यात परागकणही खातात. त्यामुळे दाणे भरण्यावर परिणाम होत नाही. भात काढणीनंतर अंगच्या ओलाव्यावर घेतलेल्या वालावर काळा मावा येतो. तेथे नागमोडी पट्ट्यांचा ढालकिडा काम करतो. भातात लोंब्या आल्यावर विनाकारण केलेली फवारणी पुढे वालातल्या माव्याला मोकळे रान देते.

नेहमीचे प्रश्न

ढालकिडे आहेत, तरी चिकटा दिसतो. काय करावे?
चिकटा पानावर वाळून राहतो, मावा संपल्यावरही दिसतो. चिकट्यावरून नव्हे, पान उलटून जिवंत माव्यावरून निर्णय घ्यावा.

पानांवर पांढऱ्या कातींचा थर आहे. ही नवी कीड आहे का?
नाही. मावा वाढताना कात टाकतो, त्या या काती आहेत. त्यांना मोजू नये.

फवारणीनंतर दहा-बारा दिवसांत मावा पुन्हा का वाढला?
पानामागचा थोडा मावा वाचतो, ढालकिडे मात्र मरतात. उरलेल्या माव्याला खाणारे कोणी राहत नाही. म्हणून दुसरी फवारणी करण्यापूर्वी पुन्हा वीस ताटे मोजावीत.

शेजाऱ्याने फवारले, माझे ढालकिडे जातील का?
काही प्रमाणात. एकाच शिवारातील शेतकऱ्यांनी मिळून पाहणी केली आणि गरज असेल तेथेच फवारले, तर फायदा सर्वांना होतो. कृषी सहायकांनी शेतीशाळेची एक फेरी पोटरीच्या अवस्थेत ज्वारीच्या शेतातच घ्यावी आणि प्रत्येकाच्या हाती पान देऊन अळी दाखवावी. अळी ओळखता आली की फवारणीची निम्मी घाई तेथेच थांबते.